एका उभयान्वयी अव्ययाची साक्ष : हॉर्न टूक याच्या व्याकरणविचाराचें परीक्षण

इंग्रजी भाषेंतील एका लहानशा अव्ययाची जात कोणती, हा प्रश्न शाळेंतील पंतोजींचा आहे; जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणाऱ्यांस त्याच्याशीं काय कर्तव्य, अशी शंका आमच्या कित्येक वाचकांस येईल. परंतु या प्रश्नावर एका गृहस्थानें न्यायाधिशांशीं वाद घातला आणि त्या वादांतून एक मोठा ग्रंथ निर्माण झाला. त्या वादाचा मुख्य मुद्दा असा होता कीं, लेखांत एखादी गोष्ट आलेली असली म्हणजे ती लेखकानें स्वतः सांगितली असें केव्हां धरावें. हा मुद्दा ज्यास आपल्याशीं असंबद्ध वाटेल असा कागदपत्रांचा अभ्यासक आम्हांस ठाऊक नाहीं. म्हणून त्या ग्रंथाचें गुणदोषविवेचन येथें करण्याचें योजिलें आहे.

ग्रंथकाराचें नांव जॉन हॉर्न (१७३६–१८१२). पुढें १७८२ सालीं त्यानें आपल्या एका स्नेह्याचें उपनांव धारण केल्यामुळें तो हॉर्न टूक या नांवानें प्रसिद्ध आहे. ता. १९ एप्रिल १७७५ रोजीं अमेरिकेंत लेक्सिंग्टन व कॉंकर्ड येथें राजाच्या सैन्याच्या हातून तेथील वसाहतवाले मारले गेले. त्यांच्या विधवा, मुलें व वृद्ध आईबाप यांच्या साह्यार्थ शंभर पौंडांची वर्गणी जमविल्याची जाहिरात हॉर्न यानें त्या वर्षाच्या जून महिन्यांत लंडनच्या वृत्तपत्रांत दिली, आणि तींत त्या मृत्यूंस राजाच्या सैन्यानें केलेले खून असें म्हटलें. यावरून त्याजवर राजद्रोहात्मक लेखाचा आरोप आला. जुलै १७७७ मध्यें लॉर्ड मॅन्सफील्ड याच्यापुढें चौकशी झाली. हॉर्न यानें आपली बाजू स्वतःच मांडली. शिक्षा झाली ती एक वर्षाची कैद व दोनशें पौंड दंड अशी, आणि त्यावर तीन वर्षें नीट वागण्याबद्दल जामीन. पुढें प्रकरण लॉर्डांच्या सभेपर्यंत गेलें, परंतु निकाल कायम राहिला.

त्याचा कायद्याचा आक्षेप असा होता. ज्या वस्तुस्थितीमुळें लेख गुन्हेगारीचा ठरतो, ती वस्तुस्थिति आरोपपत्रांत स्पष्ट विधानानें मांडलेली असली पाहिजे. त्याच्यावरील आरोपपत्रांत मात्र तसें स्वतंत्र विधान न करितां, सदर लेख राजाच्या राज्यकारभारा'च्या व त्याविषयीं' आहे अशा अर्थाच्या दोन शब्दयोगी अव्ययांवर, म्हणजे 'ऑफ' व 'कन्सर्निंग' यांवर, काम भागविलें होतें. असें चालतें हें दाखविण्यास लॉली नांवाच्या स्त्रीवरील एका जुन्या खटल्याचा दाखला त्याच्याविरुद्ध पुढें करण्यांत आला. त्या खटल्यांतील आरोपपत्राचा आशय असा कीं, क्रुक नामक इसमावर बनावट दस्ताचा आरोप ठेवलेला आहे हें जाणून तिनें अमुक कृत्य केलें. येथें 'क्रुकवर आरोप होता' असें सरळ विधान नाहीं. 'हें जाणून' इतकेंच आहे. तेव्हां सरळ विधान नसलें तरी चालतें, असा या दाखल्याचा उपयोग करण्यांत आला.

हॉर्न यानें तुरुंगवासाच्या काळांतच, १७७८ सालीं, जॉन डनिंग या कायदेपंडितास उद्देशून एक पत्र छापलें. आपण दोन शब्दयोगी व एक उभयान्वयी अशा तीन अव्ययांचे बळी आहों, अशी तक्रार त्यानें त्यांत केली आहे. तें उभयान्वयी अव्यय म्हणजे 'दॅट'. त्याचें प्रतिपादन थोडक्यांत असें : 'दॅट' हें वस्तुतः उभयान्वयी नव्हेच, तें दर्शक सर्वनाम आहे. 'शी नोइंग दॅट क्रुक हॅड बीन इंडायटेड' हे शब्द उलगडले कीं त्यांतून दोन भाग निघतात. पहिला, 'क्रुकवर आरोप ठेवलेला होता'. दुसरा, 'ती, तें जाणून'. म्हणजे लॉलीच्या आरोपपत्रांत सरळ विधान होतेंच, आणि म्हणून तो दाखला विधानाच्या अभावाचें समर्थन करूं शकत नाहीं.

हें पत्र पुढें वाढून 'डायव्हर्शन्स ऑफ पर्ले' या संवादरूप ग्रंथाचा पाया झालें. त्याचा पहिला भाग १७८६ सालीं व दुसरा १८०५ सालीं निघाला. या ग्रंथकाराचा मुख्य सिद्धांत असा कीं, भाषेस अवश्य अशा शब्दांच्या जाती दोनच, नाम व क्रियापद. बाकीचे सर्व शब्द हे त्या दोहोंचेच झिजलेले, बोलण्याच्या त्वरेसाठीं आंखूड केलेले अवशेष होत.

या सिद्धांताचें मोल कळण्यास त्याच्या आधींची स्थिति लक्षांत घेतली पाहिजे. इंग्रजी व्याकरणांतील जाती इंग्रजी भाषा पाहून ठरविलेल्या नव्हत्या. डायोनिसियस थ्रॅक्स याच्या नांवावर चालत आलेल्या ग्रीक व्याकरणांत आठ जाती आहेत; लॅटिन भाषेंत उपपद नसल्यामुळें रोमन वैयाकरणांनीं तें गाळून केवलप्रयोगी अव्यय घेतलें व आठ ही संख्या राखली. १५८६ सालीं विल्यम बुलोकर यानें पहिलें छापील इंग्रजी व्याकरण काढलें तें याच लॅटिन सांच्यावर. प्रीस्टली यानें १७६१ सालीं आठ जाती मानिल्या. लाउथ यानें १७६२ सालीं उपपद निराळें धरून नऊ केल्या. आणि लिंडली मरे याच्या १७९५ च्या सर्वप्रसिद्ध पुस्तकांत त्या नऊच राहिल्या. मराठींत दादोबा पांडुरंग यांचें व्याकरण १८३६ सालीं प्रसिद्ध झालें तें इंग्रजी व्याकरणाच्या वळणावर. आणि आमच्या शाळांत आठ जाती रूढ झाल्या त्या याच परंपरेनें.

हॉर्न टूक याच्या डोळ्यांपुढें विशेषतः जेम्स हॅरिस याचा १७५१ चा 'हर्मीस' हा ग्रंथ होता. हॅरिस याच्या मतें उभयान्वयी अव्ययास स्वतःचा अर्थ नाहीं. तें केवळ दोन सार्थ वाक्यांचें एक वाक्य करितें. आमच्या वाचकांस हा वाद नवा वाटणार नाहीं. उपसर्गांस स्वतंत्र अर्थ नाहीं असें शाकटायनाचें व आहे असें गार्ग्याचें मत यास्कानें निरुक्तांत नोंदविलेंच आहे. हॉर्न टूक हा या बाबतींत गार्ग्याच्या पक्षाचा. आणि शब्दांचें मूळ शोधीत मागें मागें जाण्याच्या बाबतींत, सर्व नामें धातूंपासून निघालीं असें म्हणणाऱ्या शाकटायनाचा भाऊबंद.

त्याच्या श्रेयाचा भाग मोठा आहे, तो प्रथम सांगितला पाहिजे. अव्ययें हीं आकाशांतून पडलेलीं जोडणीचीं साधनें नसून एके काळचे पूर्णार्थी शब्द आहेत, ही गोष्ट त्यानें ठासून मांडली. पुढें १९१२ सालीं आंत्वान मेये या फ्रेंच पंडितानें पूर्णार्थी शब्दांपासून व्याकरणिक शब्द बनण्याच्या क्रियेस स्वतंत्र नांव दिलें, आणि ती आतां भाषाशास्त्राची एक मान्य शाखा आहे. 'दॅट' विषयीं तर त्याचें अनुमान बरोबरच ठरलें. जुन्या इंग्रजींतील दर्शक सर्वनामाचें नपुंसकलिंगी रूपच पुढें उभयान्वयी झालें. जर्मन भाषेंतही तसेंच घडलें असून तेथें उच्चार एक व लेखन मात्र दोन ठेवून सर्वनाम व अव्यय यांचा भेद दाखवितात.

परंतु एका ठिकाणीं खरी ठरलेली किल्ली त्यानें सर्व कुलुपांस लावली, आणि येथें ग्रंथाचा दोष सुरू होतो. 'इफ' म्हणजे 'जर' हा शब्द त्यानें 'देणें' या अर्थाच्या क्रियापदाचें आज्ञार्थी रूप ठरविला : 'हें दे, म्हणजे हें मान्य कर, कीं तें घडेल'. जुन्या इंग्रजी पोथ्यांत 'जर' या अर्थाचा शब्द व तें आज्ञार्थी रूप दिसण्यांत सारखीं आहेत हें खरें. पण त्याहून जुन्या गॉथिक भाषेंत 'जर' यास 'यबई' व 'देणें' यास 'गिबन' असे आरंभींच भिन्न वर्णांचे शब्द आहेत. म्हणजे साम्य पोथीच्या अक्षरांतलें, वंशाचें नव्हे. 'अनलेस' हा शब्द त्यानें 'सोडून दे' अशा आज्ञार्थावर नेला. तो वस्तुतः 'त्याहून कमी अटीवर' अशा अर्थाच्या शब्दसमुच्चयापासून झालेला आहे. 'बट' या शब्दाचे दोन उपयोग त्यास दिसले, 'परंतु' आणि 'वांचून'. तेव्हां त्यानें एकाच शब्दास दोन निरनिराळे पूर्वज कल्पिले. प्रत्यक्षांत पूर्वज एकच, 'बाहेर' या अर्थाचा.

हें शेवटचें उदाहरण आमच्या मतें फार बोधप्रद आहे. 'दॅट' चे ठिकाणीं मूळ एक म्हणून उपयोगही एकच, असें तो म्हणतो. 'बट' चे ठिकाणीं उपयोग दोन म्हणून मूळेंही दोन, असें म्हणतो. दोन्ही चुका एकाच समजुतीच्या आहेत : शब्दाचा वंश आणि शब्दाचें वाक्यांतील काम हीं एकच होत. तीं एक नाहींत. जात कळते ती शब्दाच्या जन्मपत्रिकेवरून नव्हे, तर त्या वाक्यांत तो काय करितो यावरून.

'दॅट' चीच परीक्षा करून पाहूं. 'आय नो दॅट' (मला तें ठाऊक आहे) आणि 'आय नो दॅट ही केम' (तो आला हें मला ठाऊक आहे) हीं दोन वाक्यें घ्या. पहिल्यांत 'दॅट' च्या जागीं 'धिस' हा शब्द घालतां येतो. दुसऱ्यांत येत नाहीं. दुसऱ्यांतून 'दॅट' गाळलें तरी वाक्य शाबूत राहतें. पहिल्यांतून गाळलें तर जाणण्याचें कर्मच जातें. पहिल्याचा उच्चार पूर्ण स्वरानें होतो; दुसऱ्याचा स्वर आंखडतो. तीन कसोट्यांनीं दोन शब्द वेगळे ठरतात, मग त्यांचा आजा एक कां असेना. अशा कसोट्या लाविल्यानें जुन्या चौकटी मात्र हलल्या. येस्पर्सन यानें १९२४ सालीं क्रियाविशेषण, शब्दयोगी व उभयान्वयी यांस एकाच वर्गांत बसविलें. हडलस्टन व पुलम यांच्या २००२ च्या बृहत् व्याकरणांत, शाळेंत उभयान्वयी म्हणून शिकविलेले 'बिफोर', 'आफ्टर' इत्यादि शब्द शब्दयोगींत गेले, आणि 'दॅट' हें गौण वाक्याचा आरंभ दाखविणारें चिन्ह म्हणून वेगळें राहिलें.

आतां हॉर्न टूक याच्या मूळ युक्तिवादाकडे वळूं. त्याचा उलगडा जर 'दॅट' च्या बळावर खरा असेल, तर 'दॅट' जेथें जेथें येईल तेथें तेथें तो चालला पाहिजे. आरोपपत्रांत 'जाणून' याच्या जागीं 'नाकारून' असा शब्द असता तर? 'शी डिनाइंग दॅट क्रुक हॅड बीन इंडायटेड' यांतून त्याच्या रीतीनें असे भाग निघतील : 'क्रुकवर आरोप ठेवलेला होता, ती, तें नाकारून'. म्हणजे आरोपपत्रकारानें न केलेलें विधान त्याच्या माथीं येईल! 'समजून', 'ऐकून', 'भिऊन' यांची गति तीच. तेव्हां लॉलीच्या आरोपपत्रांत आरोपाची सत्यता गृहीत धरली गेली ती 'दॅट' मुळें नव्हे, 'जाणणें' या क्रियापदामुळें. कारण जें खरें नाहीं तें कोणी जाणूं शकत नाहीं. क्रियापदांचे हे दोन वर्ग, आपल्या कर्मवाक्याची सत्यता गृहीत धरणारे आणि न धरणारे, किपार्स्की दंपतीनें १९७० सालीं व्यवस्थित मांडले. अव्यय हें केवळ सीमेचा दगड आहे : येथून पुढें दुसऱ्याचें ज्ञान, दुसऱ्याचें बोलणें किंवा दुसऱ्याचा समज सुरू होतो, इतकेंच तें सांगतें. सीमेच्या पलीकडील जमीन कोणाची, हें क्रियापद सांगतें.

हॉर्न टूक याची बाजू न्यायाची होती किंवा नाहीं, हा प्रश्न निराळा. त्याजबद्दल आम्हांस सहानुभूति वाटते. परंतु त्यानें योग्य निष्कर्ष अयोग्य कारणावर उभारला, आणि तें कारण घेऊन पुढें शेंकडों पानें लिहिलीं. १७८६ या ज्या वर्षीं त्याच्या ग्रंथाचा पहिला भाग निघाला, त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत कलकत्त्यास सर विल्यम जोन्स यानें संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या समान मूळाविषयींचें आपलें व्याख्यान दिलें. शब्दांचे वंश जुळविण्याची खरी रीति, म्हणजे एका रूपाचें दुसऱ्याशीं दिसणारें साम्य न पाहतां भाषाभाषांतील नियमित संबंध पाहणें, ती या दुसऱ्या वाटेनें आली.

आमच्या दप्तरांशीं याचा संबंध कसा तो आतां सांगतों. पत्राच्या आरंभींचें 'विनंती ऐसीजे' सर्वांच्या परिचयाचें आहे. यांतील 'जे' हें वंशानें संबंधी सर्वनाम. कामानें पुढील मजकुराचा आरंभ दाखविणारें उभयान्वयी. मराठी व्याकरणांत तें 'कीं', 'म्हणून', 'म्हणजे' यांच्यासह स्वरूपबोधकांत मोडतें. 'दॅट' चा हा सख्खा जोडीदारच. त्याच्यामुळें घोटाळा सहसा होत नाहीं, कारण तें मजकुराच्या आधीं उभें असतें. घोटाळा होतो तो मजकुराच्या शेवटीं येणाऱ्या 'म्हणोन' मुळें.

'म्हणोन' हें 'म्हणणें' या धातूचें रूप आहे हें कोणासही दिसतें. हॉर्न टूक यास मराठी येत असती तर आपल्या सिद्धांताचें याहून उघड उदाहरण त्यास मिळालें नसतें. परंतु हा वंश कळल्यानें वाचकाची अडचण तिळभरही दूर होत नाहीं. नमुन्यादाखल आम्हींच रचलेलीं तीन वाक्यें पहा. 'गनीम घाट उतरला म्हणोन लिहिलें' : येथें 'म्हणोन' स्वरूपबोधक. 'गनीम घाट उतरला म्हणोन कूच केलें' : येथें तें परिणामबोधक. पहिल्यांत त्याच्या जागीं 'असें' घालतां येतें, 'सबब' घालतां येत नाहीं. दुसऱ्यांत नेमकें उलट. पहिल्या वाक्यांत गनीम घाट उतरल्याची ग्वाही पत्रलेखक देत नाहीं. तो दुसऱ्याचें लिहिणें सांगतो. दुसऱ्यांत ती बातमी खरी धरून तो स्वतः चालला आहे.

तिसरें वाक्य : 'गनीम घाट उतरला म्हणोन पत्र पाठविलें'. येथें 'असें' ही बसतें आणि 'सबब' ही बसतें. बातमी पत्रांत होती, कीं बातमीमुळें पत्र गेलें? मोडी लिपींत विरामचिन्ह नाहीं, शब्द तोडून लिहिण्याची वहिवाट नाहीं. संपादकानें छापतांना 'म्हणोन' च्या अलीकडे किंवा पलीकडे एक स्वल्पविराम घातला कीं निकाल लागला. आणि तो निकाल कोणी दिला हें पुढील वाचकास कळतही नाहीं. एका अर्थानें गनीम त्या दिवशीं घाटाखालीं होता यास लेखक साक्षी ठरतो. दुसऱ्या अर्थानें ती ऐकीव वार्ता राहते. मोहिमेचा कालक्रम ठरवितांना या दोहोंचें अंतर लहान नाहीं.

अशा स्थळीं तीन गोष्टी पाहाव्या असें आम्हांस वाटतें. पहिली, पुढील वाक्य 'त्यास' या शब्दानें सुरू होतें काय. तसें असेल तर मागील मजकूर बहुधा आलेल्या पत्राचा सारांश असतो व 'त्यास' पासून लेखकाचें उत्तर. दुसरी, त्याच लेखकाच्या किंवा त्याच कारकुनाच्या हातच्या इतर पत्रांत परिणाम सांगण्यास 'म्हणोन' येतें, कीं 'सबब', 'यास्तव' असे शब्द येतात. तिसरी, 'म्हणोन' च्या पुढचें क्रियापद कोणतें. 'लिहिलें', 'ऐकिलें', 'कळलें' यांपैकीं शेवटचें आल्यास लेखकानें बातमी खरी मानली असें धरण्यास अधिक आधार असतो, पहिलीं दोन आल्यास नसतो. या तिन्हींनीं निर्णय न लागला तर विरामचिन्ह घालूं नये व द्विधा अर्थ टीपेंत नोंदवावा.

'डायव्हर्शन्स ऑफ पर्ले' हा ग्रंथ आज कोणी व्याकरण शिकण्यासाठीं वाचीत नाहीं, आणि वाचूं नये. पण ज्यास दुसऱ्याचे कागद वाचून त्यांतून साक्ष काढावयाची आहे त्यानें त्याची आरंभींचीं प्रकरणें अवश्य पाहावीं. लेखांतील विधान कोणाचें, हा प्रश्न एका अव्ययावर अडतो हें ग्रंथकारास बरोबर दिसलें होतें. तो प्रश्न शब्दाच्या मूळावरून सोडवूं पाहण्यांत तो चुकला. व्युत्पत्तीच्या मोहानें ही चूक आमच्याकडूनही होऊं शकते, म्हणूनच इतका विस्तार केला.